डावा हात भात्यावरच होता : फिटच्या शस्त्रक्रियेची दोन वर्षं

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं त्या रात्री मी मोबाईलवर मराठीत शोधलं, ‘फिटचं ऑपरेशन झालेला माणूस’. मिळालं काय, तर तीन महिन्यांत फेफरं मुळापासून घालवणारी पुडी, एका महाराजांचा फोन नंबर आणि दोन-तीन बातम्या, ज्यांत रुग्ण आणि डॉक्टर एकत्र हसत उभे होते. डोक्याचे केस किती काढतात, रेशनकार्ड लागतं का, सोबत किती माणसं न्यावीत, घरी आल्यावर पाठ असलेलं पाठ राहतं का, यातलं एक अक्षर नाही. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो.

गाव कर्ली खाडीच्या काठाला, स्टेशन कुडाळ. मला फिट येते हे गावात कोणापासून लपलेलं नाही. तीन वर्षांचा असताना तापात अर्धा तास आकडी आली होती, असं आई सांगते. त्यानंतर तेरा वर्षं काहीच नाही. दहावीची परीक्षा संपली आणि सुरू झालं. आधी पोटातून काहीतरी वर चढतं, होडी लाटेवर उचलली जाते तसं. ते छातीपर्यंत आलं की समोर जे चाललंय ते आधी एकदा होऊन गेलंय अशी खात्री पटते. पुढची दोन मिनिटं माझ्याकडे नाहीत. लोक सांगतात, मी तोंड चघळत बसतो आणि हाक मारली तरी बघत नाही. खाली पडून हातपाय झाडण्याचा प्रकार वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. हे शांत बसून हरवणं मात्र महिन्याला तीन-चारदा.

सगळं करून झालं. देवळात कौल लावले, गाऱ्हाणी घातली, सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. औषधंही चालूच होती. फेनिटोइनने हिरड्या सुजल्या, म्हणून कार्बामाझेपिन आलं आणि त्याने भलतीच गंमत केली. गोळी सुरू होऊन आठवडा झाला नसेल, आमची पेटी मला उतरलेली वाटायला लागली. काळी दोनचा सा धरावा तर कानाला पांढरी दोनचा लागायचा. वीस वर्षांची पेटी, तिचा सूर मी झोपेतही ओळखेन. मी सूर लावणाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, पेटी ठीक आहे, तुझ्या कानांचं बघ. तेव्हाच्या डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं. पुढे मुंबईत कळलं की या गोळीने सूर साधारण अर्ध्या स्वराने खाली ऐकू येतो अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यातल्या बऱ्याचशा जपानमधल्या. गाणारे-वाजवणारे असाल तर हे डॉक्टरांना जरूर सांगा. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी केली होती, दोन दिवसांत जोराची फिट येऊन पुढचा दात गेला.

नंतर लेव्हेटिरासेटम, जोडीला क्लोबाझाम. फिट कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. वर चिडचिड एवढी की कारखान्यात सगळे माझ्याशी जपून बोलायचे.

२०२३ ची चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. चौथ्या दिवशी शेजारच्या वाडीत डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना. समोर सावंतवाडीकडचे नावाजलेले बुवा, आमच्याकडून गाणार माझा चुलतभाऊ, पेटीवर मी. रात्रीचा दीड वाजला असेल. गजर चढत होता, पखवाज दुप्पट लयीत गेला होता, आणि लाट आली. पुढचं मी फक्त व्हिडिओत पाहिलंय. माझा उजवा हात पट्ट्यांवरून उचलला जातो आणि मनगटात वाकडा होऊन ताठ राहतो. डावा हात भात्यावरच असतो आणि भाता मारत राहतो, मारतच राहतो. खर्जाच्या सुराची खुंटी ओढलेली होती, त्यामुळे पेटीतून तो एकच सूर चालू. चुलतभावाला वाटलं मी मुद्दाम थांबलोय. तो माईकवरच म्हणतो, ‘अरे, सूर धरून बसलंस काय?’ लोक हसतात. मग पुढच्या रांगेतली माझी बायको उठताना दिसते आणि व्हिडिओ संपतो.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ पंचक्रोशीत फिरला. मी आठवडाभर घराबाहेर पडलो नाही. आई म्हणाली, ‘पेटीच सोड, पेटीनच येता तुका.’ गावाचं तेच मत होतं, आणि मलाही ते पटायला लागलं होतं.

१४ ऑक्टोबरला कणकवलीत महिन्यातून एकदा येणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टांकडे गेलो. तपासणी ६०० रुपये. बायकोने मला न विचारता तो व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. मी मान खाली घालून बसलो होतो आणि डॉक्टर तो तिसऱ्यांदा बघत होते. म्हणाले, याने माझं अर्धं काम केलं. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते. उजवा हात असा वाकडा ताठ होतोय आणि डावा हात चाळा करत राहतोय, याचा अर्थ फिट बहुतेक डाव्या कानशिलामागून निघते. भात्याचं ते हलणं म्हणजे ‘चाळा’. अख्ख्या पंचक्रोशीने ज्याला हसून घेतलं ते माझ्या फाईलमधलं पहिलं कामाचं कागदपत्र ठरलं. तुमच्या घरात कोणाला फिट येत असेल तर एकाने त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा. आणि दुसरं माणूस मोकळं असेल तर त्याने व्हिडिओ काढावा. लाज नंतर वाटू दे.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील तर त्या आजाराला औषधांना न जुमानणारा म्हणतात, ही व्याख्या २०१० पासून जगभर मानली जाते. अशा माणसाची शस्त्रक्रियेसाठी तपासणी व्हायला हवी. मी बावीस वर्षं गोळ्या बदलत होतो आणि हा शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. दुसरी गोष्ट पेटीची. संगीत ऐकून फिट येण्याचा आजार खरोखर आहे, १९३७ साली मॅकडोनाल्ड क्रिचली या इंग्रज डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, पण तो फार दुर्मीळ. त्यांनी मला वही घालायला सांगितली: फिट कधी, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली का. तीन महिन्यांत वहीत अकरा फिट जमल्या. पेटीजवळ दोन. जागरणानंतर किंवा संध्याकाळची गोळी चुकल्यावर सात. भजनाला निघताना गोळी डब्यात राहायची, कारण तेवढंच. आईला वही दाखवली. तिला वाचता येतं, पण तिने वाचली नाही.

मुंबईची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये. तुतारी एक्स्प्रेसने संध्याकाळी निघायचं, पहाटे दादर. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ओपीडीची खिडकी आठला उघडते, आम्ही सहाला उभे होतो आणि आमच्यापुढे साठ माणसं होती. केसपेपर स्वस्त, वेळ महाग. तिथल्या डॉक्टरांनी २०११ चा एमआरआय मागितला. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, फिटसाठी वेगळ्या पद्धतीने, बारीक काप घेऊन एमआरआय काढावा लागतो, हा साधा आहे. नवा काढला, २,५०० रुपये. डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानशिलामागचा आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, आकसलेला आणि पांढरट. लहानपणीच्या त्या तापातल्या आकडीशी याचा संबंध असू शकतो, म्हणाले. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा, आकारावरून नाव पडलंय. खाडीकाठच्या माणसाच्या डोक्यात नेमका समुद्रघोडाच बिघडावा.

मग व्हिडिओ ईईजी, म्हणजे पाच दिवस तिथेच ठेवून फिट येताना मेंदूतल्या विजेच्या रेघा आणि व्हिडिओ एकत्र टिपायचे. त्यासाठी तारीख मिळाली ११ मार्च, म्हणजे काजूचा हंगाम ऐन भरात असताना. मालक कुरकुरले, पण अर्ध्या पगारावर रजा दिली.

त्या पाच दिवसांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भीती तिथेच जास्त वाटते आणि भिण्यासारखं तिथे फारसं काही नाही. डोक्यावर मापं घेऊन खुणा करतात आणि विसेक वायरी उग्र वासाच्या चिकट द्रावाने चिकटवतात. समोर कॅमेरा. उशाशी बटण, लाट आली की ते दाबायचं. गोळ्या पहिल्या दिवशी निम्म्या, दुसऱ्या दिवशी बंद. आणि झोपू देत नाहीत, कारण त्यांना फिट हवी असते. बावीस वर्षं जी येऊ नये म्हणून देवाला सांगणं घातलं ती यावी म्हणून आम्ही नवरा-बायको दोन रात्री पत्ते खेळत बसलो. नेताना समोरून बटणं असलेला शर्ट न्या, वायरींवरून टीशर्ट जात नाही. मोठी टिकली, डोक्याला तेल काही नको. सोबतचं माणूस तुमची फिट ओळखणारंच हवं. संडासाचं दार उघडं ठेवावं लागतं. त्याची सवय मला होतीच, घरीही मी न्हाणीघराला कडी लावत नाही.

दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून तंत्रज्ञ मुलाने माझ्या मोबाईलवरचं आमचंच भजन लावलं. रेघा शांत. मी मांडीवर पेटी वाजवत होतो, तरी शांत. तो म्हणाला, काका, तुमच्या पेटीला क्लीन चिट. तो फोटो काढून मी आईला पाठवला.

तीन फिट पकडल्या, दोन झोपेत आणि एक चहा पिताना. तिन्ही डावीकडून. फिट ओसरल्यावर नर्स पेन दाखवून विचारते, हे काय? बायको सांगते, मी त्याच्याकडे बघत बसलो होतो आणि पेन हा शब्द यायला चार मिनिटं लागली. त्यावरूनही समजतं की भाषेच्या बाजूलाच गडबड आहे. पाच दिवसांचे सगळे मिळून ७,२०० रुपये झाले.

एप्रिलमध्ये स्मरणशक्तीची तपासणी, दोन बैठका, प्रत्येकी तीन तास. तपासणी घेणाऱ्या मॅडम मराठी होत्या, पण चाचणीतल्या गोष्टीचं मराठी असं होतं की मला आधी ती मनातल्या मनात मालवणीत करून घ्यावी लागली. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवले. पाचव्या वेळी मला नऊ सांगता आले. अर्ध्या तासाने विचारले तर तीन. मी घामाघूम. मग रेघांची एक गुंतागुंतीची आकृती काढायला दिली आणि काही वेळाने न बघता काढायला सांगितली. ती जवळजवळ बरोबर आली. पहिल्यांदाच कळलं की माझं विसरणं सगळीकडे सारखं नाही.

शेवटी मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, मॅडम, मला फिट गेली नाही तरी चालेल, पण अभंग जाता कामा नयेत. दोनशेच्या वर पाठ आहेत. त्यांनी एखादा म्हणून दाखवायला सांगितलं. मी सुरू केला. त्या म्हणाल्या, चाल नको, नुसते शब्द सांगा. दुसऱ्या ओळीला अडकलो. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथेच. मग माझी बोटं टेबलावर हलायला लागली आणि चारही कडवी सरळ बाहेर आली. त्यांनी ते लिहून घेतलं. याला गुण नाहीत, म्हणाल्या, पण महत्त्वाचं आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुण्याला मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीकडून पुन्हा समजून घेतलं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर फिटसाठीच शस्त्रक्रिया झाली. सर्जन स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. फिट बऱ्याच कमी झाल्या, पण त्या दिवसानंतर त्याच्या आठवणीत नवीन काही राहीना. तो २००८ साली वारला, तोवर अभ्यासात त्याला फक्त एचएम म्हणत. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हाताचं शिकणं वेगळ्या जागी साठतं. तेव्हापासून दोन्ही बाजू कोणी काढत नाही, आणि एक काढण्याआधी दुसरी सांभाळून घेईल का ते बघतात. माझ्या त्या सहा तासांच्या बैठका त्यासाठी होत्या.

दुसरं काम १९९१ चं, सेव्हरिन सॅमसन आणि रॉबर्ट झाटोर यांचं. कानशिलामागचा भाग एका बाजूने काढलेल्या लोकांना त्यांनी अनोळखी गाणी ऐकवली आणि नंतर ओळखायला सांगितली, शब्द वेगळे आणि चाल वेगळी. डावी बाजू काढलेल्यांना शब्द जड गेले, उजवी काढलेल्यांना चाल. पण शब्द-चाल एकत्र गायलं की दोन्ही एकमेकांत गुंततात, असंही त्यांना दिसलं. मॅडम म्हणाल्या, ‘डावीकडे शब्द, उजवीकडे सूर’ अशी सरळ वाटणी करू नका, मेंदू इतका शिस्तीचा नाही. पण मी भजनी माणूस. एकच अभंग आम्ही दहा चालींत म्हणतो, आणि एकाच चालीत दहा अभंग बसवतो. शब्द आणि चाल वेगळ्या पेट्यांत असतात हे मला कोणी पटवून द्यायला नको होतं. माझी डावीकडची पेटी उघडणार होते, एवढं कळलं.

आधीच कमजोर झालेला भाग काढला तर जाण्यासारखं कमी उरलेलं असतं, असंही त्यांनी समजावलं. माझे ते तीन शब्द वाईट होते आणि त्याच वेळी माझ्या बाजूचेही होते.

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर येऊन धडकलं की मोझार्ट ऐका, फिट जाते. भाचीने त्याचाही निकाल लावला. १९९८ च्या आसपास काही रुग्णांच्या ईईजीवर मोझार्टची एक रचना ऐकताना फरक दिसल्याचं छापून आलं होतं. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले, तर त्यांना ठोस आधार सापडला नाही. एका रागचिकित्सकाने मला रोज सकाळी ऐकायच्या रागाचे ५,००० सांगितले होते. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे फुकट वाजतो.

एफएमआरआयमध्ये आडवं झोपून ‘क’वरून शब्द मनात आणायचे होते, भाषा कुठल्या बाजूला आहे ते बघायला. मी काजू, कोकम, कर्ली, कुडाळ करत गेलो. भाषा डावीकडेच निघाली. पूर्वी यासाठी मानेच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून मेंदूची एकेक बाजू काही मिनिटं झोपवत, जुन वाडा या डॉक्टरांची पद्धत. ती माझ्या वाट्याला आली नाही याचं मला दुःख नाही.

मे महिन्यात सगळ्या डॉक्टरांची बैठक झाली आणि आम्हाला बोलावलं. बाजू स्पष्ट, जागा एकच, शस्त्रक्रिया करता येईल. फिट पूर्ण थांबण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तर. धोके त्यांनी एकेक करून लिहून दिले: शब्द आणि नावं आठवायला त्रास, नजरेचा उजवीकडचा वरचा कोपरा जाणं, काही महिने उदासी, आणि थोड्या जणांना अर्धांगासारखं गंभीर काही. २००१ साली कॅनडात ८० रुग्णांची चाचणी झाली होती, ४० जणांवर शस्त्रक्रिया आणि ४० जणांना गोळ्याच. वर्षभराने भान हरपणाऱ्या फिट थांबलेले पहिल्या गटात ५८ टक्के, दुसऱ्यात ८. गोळ्यांच्या गटातला एक जण त्या वर्षात दगावला. आकडा मोठा दिसतो, पण घरी येताना गाडीत मी उरलेल्या ४२ टक्क्यांचाच विचार करत होतो.

सरकारी आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची म्हणून माझं केशरी रेशनकार्ड आणि आधार दिलं. माझ्या नावात रेशनकार्डावर दुसरी वेलांटी, आधारवर पहिली. एका वेलांटीपायी तहसील कार्यालयात चार फेऱ्या, एकोणीस दिवस. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने आधीच बजावलं असतं तर मेमध्येच उरकलं असतं. तुम्ही तपासण्या सुरू असतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मूळ एमआरआय फिल्म आणि व्हिडिओ ईईजीचा अहवाल कोणालाही देताना झेरॉक्स ठेवा. आमचा अहवाल मंजुरीच्या टेबलावर एकदा हरवला आणि झेरॉक्सवर काम झालं.

मंजुरी आली, तारीख आली: ५ सप्टेंबर. चतुर्थी ७ ला. पुढे ढकलता येईल का विचारलं. निवासी डॉक्टर म्हणाले, ढकलली तर रांगेत शेवटी. घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. मग आबांनी देवघरासमोर बसूनच निकाल दिला, ‘गणपती दरवर्षी येतलो. डॉक्टर तारीख दरवर्षी देवचो नाय.’ सगळे चाकरमानी मुंबईहून गावाला येत होते, आणि आम्ही दोघं रिकाम्या गाडीतून मुंबईला निघालो. तिकीट सहज मिळालं, हा एक फायदा.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. मला त्यातलं काही माहीत नाही. केस फक्त डाव्या बाजूला पट्टाभर काढले होते. शुद्धीवर आल्यावर डोक्यापेक्षा जबडा जास्त दुखत होता, कारण चावायचा स्नायू तिथूनच जातो. पंधरा दिवस पेज आणि आमटी. हे आधी कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळे मिटलेलेच असताना, मी चादरीवर बोटं ठेवली. उजवा हात सा-वर, डावा भात्यावर. गजर सुरू केला. बोटं गेली. कुठेही न अडकता गेली. बायको बाजूला होती, तिला वाटलं फिट येतेय. तिने नर्सला हाक मारली. मी नुसतं ‘नाही नाही’ म्हणत राहिलो, कारण पेटी हा शब्द मला सापडत नव्हता.

७ तारखेला घरून व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली. वॉर्डात मोबाईलला बंदी, पण त्या दिवशी सिस्टरने दुसरीकडे बघितलं.

१४ ला टाके काढून सोडलं, १५ ला घरी पोचलो. आमचा गणपती अकरा दिवसांचा, त्यामुळे भेटला. पाया पडून उभा राहिलो आणि गणपतीवर टांगलेल्या माटवीचं तवसं, म्हणजे मोठी काकडी, उजव्या कपाळावर आपटलं. नजरेचा तो वरचा कोपरा गेलाय हे असं कळलं. अजूनही उंबऱ्याशी, देवळाच्या घंटेशी मी मान किंचित वळवून घेतो. संध्याकाळी आरतीला उभे राहिलो. लहानपणापासूनची आरती, न आठवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सगळी आलीही. पण आरती संपल्यावर वहिनीला प्रसादाची परात मागायची होती, तर ‘परात’ नाही. वहिनीचं नावही नाही. ‘ती... गोल... ती द्या,’ म्हणालो. लेक हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला.

नोव्हेंबर-डिसेंबर वाईट गेले. फिट एकही नाही, सगळे आनंदात, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. कारण सांगता यायचं नाही. मंडळाची माणसं बोलवायला यायची, मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. फोन केला तर मुंबईचे डॉक्टर म्हणाले, कागदावर लिहून दिलं होतं ना, हे त्यातलंच. कुडाळच्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळी दिली, चारेक महिने घेतली. शस्त्रक्रियेनंतर असं झालं तर ते आपलं कृतघ्नपण आहे असं समजू नका. मी समजलो होतो आणि महिना फुकट घालवला.

अभंगांचा हिशेब असा. जुने, विशी-पंचविशीत पाठ केलेले, जवळजवळ सगळे आहेत. पेटी समोर असेल तर नक्की आहेत, पेटीशिवाय कधी कधी मधली ओळ गळते. नवीन पाठ करणं मात्र कठीण झालंय. पूर्वी तीन-चार वेळा म्हटला की बसायचा. आता मॅडमनी सांगितल्याप्रमाणे करतो: नुसते शब्द घोकायचे नाहीत, पहिल्या वाचनापासून चालीवरच म्हणायचा, एक ओळ पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही, आणि रात्री झोपण्याआधी एकदा. वर्षभरात सहा बसले. सहापैकी दोन चाल बदलली की हातातून सुटतात. पूर्वी मी अधूनमधून बुवा म्हणून गायलाही बसायचो. डबलबारीत समोरच्याला उत्तर द्यायला शब्द तिथल्या तिथे सुचावे लागतात. ते आता जमत नाही, आणि मी बसत नाही. त्याबद्दल काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. शस्त्रक्रिया आणि तिथलं राहणं योजनेतून. तपासण्या, आठ फेऱ्यांची गाडी, सोबतच्याचं जेवण, धर्मशाळा, औषधं आणि बुडालेला पगार मिळून खिशातून साधारण ९० हजार गेले. काही चुलतभावाने दिले, काही अजून फेडतोय.

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला आली. पाचव्या दिवशी त्याच वाडीत, त्याच मांडवात डबलबारी. मी साडेअकराला उठून घरी जाऊन झोपायचं असं ठरलं होतं, कारण जागरण अजूनही वर्ज्य आहे. गोळीसाठी मोबाईलवर गजर लावला होता, आणि तो नेमका गजर चालू असतानाच वाजला. चुलतभावाने माईकवरून सांगितलं, ‘थांबा, पेटीवाल्याची गोळी.’ लोक हसले. एका मुलाने मांडवाच्या टोकाकडून पाणी आणून दिलं. मी गोळी घेतली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवले.

सप्टेंबरच्या तपासणीत वर्षाचा ईईजी झाला आणि लेव्हेटिरासेटम थोडं कमी केलं. क्लोबाझाम आधी बंद होईल, घाई करायची नाही, असं म्हणाले. गाडी चालवायची नाही, होडीत एकट्याने जायचं नाही, विहिरीवर पोहायचं नाही, हे आहे तसंच. तो जुना व्हिडिओ तिथल्या डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना दाखवायला मागितला. मी चेहरा झाकून देतो म्हणालो, ते म्हणाले चेहरा झाकला तरी चालेल, हात दिसू देत.

पुढची तारीख मार्चची, शिमग्याच्या तोंडावर. जाताना तुतारीला जागा मिळेल, येताना मिळणार नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. परतीचा दिवस मी कॅलेंडरवर लाल करून ठेवलाय, आणि बायकोलाही सांगून ठेवलंय, कारण मी विसरू शकतो.